चोचींचा तास

उमाशंकर सर चहा अर्धा बशीत ओतायचे, पण प्यायचे कपातूनच. कपातला संपेपर्यंत बशीतला निवायचा, मग तो पुन्हा कपात.

भाकरीचा काठ आधी मोडून बाजूला ठेवायचे आणि शेवटी खायचे.

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या दाताला काही अडकलंय.

निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात खडू असायचा. त्यांच्या पत्नी महादेवीबाई तो काढायला विसरल्या की सगळ्या धुण्यावर पांढरं.

तारेवर पाखरू बसलं की वाक्य अर्धं सोडायचे. पाखरू उडालं की तिथूनच पुढे.

एसटीत खिडकी मिळाली तर दुसऱ्याला द्यायचे, आणि मग सगळा रस्ता त्याच्याच खांद्यावरून वाकून बाहेर बघायचे.

आणि स्वयंपाकघरातली वस्तू न विचारता न्यायचे. बाकीच्या सवयींबद्दल महादेवीबाईंची तक्रार नव्हती. या एकीनं मात्र त्यांना लग्न झाल्यापासून बेजार केलं.

सर मूळचे मुरुडचे. घरचं भांड्यांचं दुकान. वडील शंकरप्पा गेल्यावर थोरला भाऊ मलप्पा गल्ल्यावर बसला आणि धाकटा इंग्रजी शिकवायला कंधारला आला. मलप्पा चारचौघांत म्हणायचे, "आमच्या दुकानात एकच भांडं बिनकामाचं निघालं, ते कंधारला देऊन टाकलं." सर हसायचे. मुरुडहून येताना मात्र पिशवी भरून चमचे, चिमटे घेऊन यायचे. महादेवीबाईंना वाटायचं, संसारासाठी आणलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत एकदा तव्यावर पोळी टाकून त्यांनी चिमटा शोधला. चिमटा नव्हता. पोळी बोटांनीच उलटली, बोटं भाजली. संध्याकाळी सर आले. चिमट्याला चिखल लागलेला, आणि मुठीशी सुतळी बांधलेली.

"कुठं नेला होता?"

"तळ्यावर. बगळा केला त्याचा."

"चिमट्याचा बगळा?"

"हाव. पोरांना लगेच कळलं."

महादेवीबाई उदगीरकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि नवरा इंग्रजीचा. त्यांना यातलं काही कळलं नाही. बोटांना लोणी लावत त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून बगळ्यालाच पोळ्या करायला सांगा."

पुढे त्या एकदा स्वतः तळ्यावर गेल्या, आपली भांडी कुठे जातात ते बघायला. पौषातला शनिवार होता. सहावीची पोरं पोत्यावर बसली होती. मध्ये परात, तिच्यात पाणी, खाली चिखल, चिखलात जोंधळ्याचे दाणे. एका पोराच्या नाकाखाली चमचा बांधलेला. सुतळी कानामागून नेलेली. पोरगं मान खाली घालून चमचा पाण्यात डावीकडे-उजवीकडे हलवत होतं, आणि पलीकडे तळ्याच्या उथळ पाण्यात एक पांढरं पाखरू अगदी तसंच करत होतं.

"हे काय करून राहिलंय?" सरांनी विचारलं.

"चमच्यानं पाणी ढवळून राहिलंय, सर."

"मग नाव काय?"

"स्पूनबिल."

स्पून म्हणजे चमचा, बिल म्हणजे चोच; तो शब्द पोरांनी पाठ केला नव्हता. वर्गात स्पेलिंग म्हटलं की ज्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, ती पोरं इथे शब्द आपसूक बोलत होती. उलथण्याचं शॉव्हेलर बदक झालं. अडकित्त्याचा पोपट झाला. मग सरांनी त्यांना बसल्या जागी समुद्रावर नेलं.

"इंग्रज माणूस जहाजात बसून दुनिया हिंडला. नवं जनावर दिसलं की त्याच्या तोंडाकडं बघायचा, अन् ओळखीच्या पाखराची चोच आठवायचा. कासवाचं तोंड दिसलं ससाण्यावाणी. ठेवलं नाव, हॉक्सबिल. एक जनावर निघालं, अंगावर केस, पाय चार, अन् तोंड बदकाचं. ते डकबिल. लांब तोंडाचा देवमासा दिसला, तो बीक्ड व्हेल. पाखरू नसलं तरी चोच बसवून टाकली."

"अन् आपण, सर?"

"आपण आवाज ऐकतो, चाल बघतो. टिटवी वरडते तसं तिचं नाव. सातभाई घोळक्यानं भांडतात. वेडा राघू उगंच गिरक्या मारतो."

"मग चांगलं कुणाचं?"

"चांगलं-वाईट न्हाई. पण तोंड बघून नाव ठेवलं की इसरत न्हाई माणूस. परीक्षेत तेच कामाला येतं."

महादेवीबाई घरी आल्या. त्या दिवसानंतर त्यांनी चिमटा दोन ठिकाणी ठेवायला सुरुवात केली, एक भिंतीला, एक पिठाच्या डब्यामागे. सरांना दोन्ही जागा माहीत झाल्या.

निवृत्तीनंतरही तास चालू राहिला. थंडी आली की शाळेतून निरोप यायचा. गावात त्याला चोचींचा तास म्हणत. वर्षातून एकदाच व्हायचा. सर त्याच्यासाठी वर्षभर जगतात की काय, असं महादेवीबाईंना अधूनमधून वाटे.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी सरांची लिंगपूजा झाली. ते चूळ भरायला मोरीवर गेले आणि पाणी ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं.

"इकडं बघा," महादेवीबाई म्हणाल्या.

सरांनी बघितलं. तोंड एका बाजूनं कुणी चिमटीत धरून ओढल्यासारखं झालं होतं.

शेजारी रामकिशन. शेती गावाबाहेर, घर भिंतीला भिंत लावून. त्यानं जीप काढली आणि नांदेड गाठलं. गल्लीत सगळे म्हणाले, सरांच्या तोंडावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीक गुठळी झाली होती, हातपाय वाचले हे नशीब. रक्तदाब सांभाळा. रोज चाला. आरशासमोर बसून फुगे फुगवा.

फुगे आले. लाल, पिवळे. सर आरशासमोर बसायचे, फुगा ओठात धरायचे आणि वारा बाजूनं निघून जायचा. महादेवीबाई लसूण सोलत मागे बसायच्या. घरात लहान पोर नसताना फुगे बघून त्यांना थकायला व्हायचं. भेटायला येणारे मोठ्यानं बोलायचे, जणू तोंडाबरोबर कानही गेले. "सर, बरं हाय का?" सर मान हलवायचे. उत्तर द्यायचं तर ब, प, म ओठांवरून घसरायचे. बायकोचं नाव म वरून होतं, पण ते तसंही त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

पुढे प, म परत आले, ब चा मात्र व होत राहिला. एका दुपारी आरशासमोर त्यांनी फुगा खाली ठेवला आणि शब्द म्हणायला सुरुवात केली.

"विल," ते म्हणाले. थांबले. "विल. वीक."

बिल आणि बीक, दोन्ही चोचीच; महादेवीबाईंना कळलं काय चाललंय. पौष जवळ आला होता.

"चोच म्हणून बघा," त्या मागून म्हणाल्या.

"चोच," सर म्हणाले. स्वच्छ आलं.

दोघं हसले. सर एका बाजूनं.

"चोच येती," ते म्हणाले. "पण तास इंग्रजीचा हाय."

त्याच आठवड्यात रामकिशन कापडी पिशवी घेऊन आला. पिशवी हलत होती.

"वहिनी, पातेलं टाका चुलीवर."

"पिशवीत काय हाय, भाऊ?"

"पारवा. वाऱ्यावर याच्यावाणी दवा न्हाई. आमच्या चुलत्याचं तोंड आठवड्यात सरळ झालतं."

महादेवीबाई दारातच थांबल्या. "भाऊ, गळ्यात लिंग हाय आमच्या."

रामकिशनला हे माहीत होतं. इतक्या वर्षांची ओळख, सणाला एकमेकांच्या घरची ताटं. पण घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोवळं आठवत नाही.

"दव्याला देव रागवत न्हाई, वहिनी."

"देव न्हाई रागवणार. मी रागवीन."

"बरं, रस्सा प्यायचं राहू द्या. रक्त नुसतं चोळा गालाला."

सर आतून उठून आले. त्यांनी पिशवीत हात घातला, पारवा अलगद बाहेर काढला आणि उजेडात धरला. चोचीच्या बुडाशी पांढरा फुगवटा होता, त्यावर बोट ठेवलं. रामकिशनला जवळ बोलावून दाखवू लागले. बोलणं निम्मं कळत होतं.

"बघा," रामकिशन महादेवीबाईंना म्हणाला. "मी दवा आणली अन् यांनी तास सुरू केला."

पारवा सोडून दिला. रामकिशन जाताना म्हणाला, "चुलत्याचं तोंड कशानं सरळ झालं काय म्हाईत. दवाखान्यातबी नेलं होतं म्हणा."

मग बालाजी आला. सरांचाच विद्यार्थी, साहित्य घेऊन पदवीधर झालेला, आता त्याच शाळेत तासिका तत्त्वावर. मुख्याध्यापकांनी त्याला सांगितलं होतं, यंदाचा तास तू घे.

"सर, तुम्ही नुसते बसा. मी बोलतो," बालाजी म्हणाला.

"मी वोलणार."

"थंडी हाय," महादेवीबाई म्हणाल्या. "तळ्यावरचं वारं बाधंल."

"मी वोलणार," सर पुन्हा म्हणाले, आणि बायकोकडे बघत राहिले. परवानगी मागणाऱ्या माणसासारखे. ही नजर महादेवीबाईंनी आधी कधी पाहिली नव्हती. वस्तू न विचारता नेणारा माणूस आता विचारत होता. शनिवारी महादेवीबाईंनी पिशवी स्वतः भरली. चमचा, चिमटा, उलथणं, अडकित्ता. टोकं वाकून एकमेकांवरून गेलेली जुनी कात्री कपाटात होती, तीही घातली. आणि सोबत गेल्या.

तास चांगला सुरू झाला. सर विचारत, पोरं सांगत. कठीण शब्द पोरांच्याच तोंडून यायचे, म्हणून सरांना ते म्हणावे लागत नव्हते. बालाजी परात हलवत होता. महादेवीबाई बांधाच्या दगडावर पदर आवळून बसल्या. सरांचा आवाज लांबून घोगरा, पण नेहमीचाच वाटत होता.

मग सरांनी कात्री काढली. पोरांसमोर उघडली, मिटली. वरचं टोक एकीकडे, खालचं दुसरीकडे.

"याची चोच अशी. वरची इकडं, खालची तिकडं. लांव देशात राहतं. झाडाची टणक फळं उचकटतं. नाव काय असंल?"

पोरं विचार करू लागली. पुढे शिवांश नावाचं एक पोरगं बसलं होतं, चुणचुणीत, डोक्याला मफलर. त्यानं कात्रीकडे बघितलं. मग सरांच्या तोंडाकडे बघितलं.

"सरांच्या तोंडावाणी हाय," तो म्हणाला. "क्रॉस हाय. क्रॉसबिल."

त्याच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. गणित सुटल्याचा आनंद होता. मागची दोन-तीन पोरं हसली. शेजारच्या मुलीनं त्याला कोपर मारलं, आणि तेव्हा कुठे आपण काय बोललो ते त्याला कळलं. बालाजी पुढे झाला. सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"वरोवर," सर म्हणाले. "एकदम वरोवर. तेच नाव हाय."

त्यांनी कात्री पिशवीत ठेवली. एक चोच अजून राहिली होती. सर म्हणाले, "आज इतकंच," आणि चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

घरी येताना विजेच्या तारेवर काळं कोतवाल पाखरू बसलं होतं. सरांनी वर बघितलं नाही.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी कुणीतरी सरांना बघून ते नाव मोठ्यानं घेतलं. मंगळवारी भाजीवाल्याच्या पोरानं घेतलं. शब्द सोपा होता, लगेच बसला.

"त्या पोराच्या आईला सांगते," महादेवीबाई म्हणाल्या.

"सांगायचं न्हाई."

"का न्हाई? मास्तरांना काहीबी बोलायचं?"

"मीच शिकवलं. तोंड वघ, नाव ठेव. पोरगं नीट शिकलं." मग म्हणाले, "आता तळ्यावर न्हाई जायचं."

महादेवीबाईंना बरं वाटायला हवं होतं. चमचे, चिमटे, उलथणं, सगळं घासून जागच्या जागी लागलं. दुसऱ्या दिवशीही तिथेच, आठवड्यानंतरही तिथेच. पोळी टाकून हात लांब केला की चिमटा हाताशी. त्यांना ते सहन होईना. एकदा त्यांनी चिमटा मुद्दाम बाहेरच्या खोलीत, सरांच्या खुर्चीजवळ ठेवला. सरांनी तो उचलला, आत आणला आणि खिळ्याला अडकवला. "विसरलीस," म्हणाले.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. सर घरातल्या घरात चालायचे, दारापासून मोरीपर्यंत. महादेवीबाई थकल्या होत्या. औषधाच्या वेळा, मऊ भात, रात्री उशीवर सुकलेली लाळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा. एका सकाळी त्या म्हणाल्या, "मला चालायचंय. घरात गुदमरायला झालं. एकटी जाऊ का?"

सर सोबत निघाले. महादेवीबाईंनी वाट तळ्याची धरली. सर मागे फिरले नाहीत.

कडेच्या चिखलात एक मोठं पाखरू उभं होतं. अंग मळक्या पांढऱ्या रंगाचं, पंख काळपट. चोच दांडगी. त्यानं चोच पाण्यात घातली, काही तरी दाबून धरलं, मान जराशी हलवली. वर आली तेव्हा चोचीत घोंगल्याचं, म्हणजे पाणगोगलगायीचं, मऊ मांस होतं. शंख खालीच राहिला.

पाखरानं मान सरळ केली. चोच टोकाला मिटली होती, पण मधे फट होती. फटीतून पलीकडचं पाणी दिसत होतं.

"त्याची चोच मिटत न्हाई का?" महादेवीबाईंनी विचारलं. पाखराबद्दलचा त्यांचा हा पहिला प्रश्न.

"न्हाई मिटत."

"जन्मापासून?"

"पिल्लाची मिटती. वय झालं की फट पडती."

"मग खातं कसं?"

"वघ की."

त्यांनी बघितलं. पाखरानं आणखी एक घोंगल्या काढला. घाई नव्हती. मागून रामकिशन मोटारसायकल घेऊन शेताकडे चालला होता, तो थांबला.

"घोंगल्याफोड्या हाय तो," रामकिशन म्हणाला. "शेतात बरा. धानात घोंगल्या ठेवत न्हाई." आणि गेला.

सर कितीतरी वेळ उभे राहिले. महादेवीबाईंचे पाय भरून आले, पण त्या बसल्या नाहीत.

"इंग्रजीत त्याला ओपनविल म्हणतात," सर शेवटी म्हणाले. "त्यांनी फट वघितली. आपल्या माणसानं काम वघितलं." मग म्हणाले, "हे सांगायचं राहिलं पोरांना. हीच चोच राहिली."

घरी आल्यावर त्यांनी बालाजीला बोलावलं. येत्या शनिवारी उरलेला तास पुरा करायचा. पोरं तीच हवीत. शिवांशला पुढे बसवायचं.

"त्याला रागवणार का, सर?"

"चोच त्याच्याच नाकाला वांधणार," सर म्हणाले आणि हसले.

पण ही चोच स्वयंपाकघरात मिळेना. टोकाला मिटणारी आणि मधे उघडी अशी वस्तू कुठल्याच घरात नसते. महादेवीबाईंनी स्वतः फडताळ उपसलं. डाव, पळी, सांडशी, काहीच जमेना. सर बुरुडाकडून बांबूच्या कामट्या घेऊन आले. वरची चोच सोपी, जवळजवळ सरळ. ती त्यांनी चाकूनं तासली, काचेच्या तुकड्यानं गुळगुळीत केली, बुडाशी भोक पाडून दोरा ओवला. खालची कठीण. तिला बाक हवा, टोक परत वर यायला हवं. पहिली कामटी वाकवताना मोडली. दुसरीही मोडली.

"भिजवा की आधी," महादेवीबाई म्हणाल्या. "टोपली करणारा बुरूड काय कोरडी वाकवतो?"

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर सरांनी मोरीतल्या बादलीत पाणी घेतलं आणि तिसरी कामटी त्यात उभी केली. म्हणाले, जरा पडतो, चहाच्या वेळी उठव, मग गॅसवर शेकून वाकवू. तू टोक धर.

चहाच्या वेळी महादेवीबाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. मग कपबशी खाली ठेवून आत गेल्या.

शनिवारी सकाळी मुरुडहून मलप्पा आले, उदगीरहून माहेरची माणसं आली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे सरांना बसवून माती दिली. पोरं शाळेतून रांगेनं आली होती. शिवांश रांगेत सगळ्यात शेवटी होता. तो रडत नव्हता. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

माणसं परतली. पाय धुवायला पाणी हवं होतं. बालाजी मोरीवर गेला आणि बादली उचलू लागला.

"ती राहू दे," महादेवीबाई आतून म्हणाल्या. "दुसरी घे."

बालाजीनं बादली खाली ठेवली. कामटी पाण्यात उभी होती. चांगली मऊ झाली होती. अजून सरळच होती.